गुडघ्याची गादी फाटली : शस्त्रक्रिया कोणती, कुठे आणि किती खर्चात?

रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलात पाय रुतलेला असतो, हातात पऱ्ह्यांची पेंढी असते. शेजारच्या ओळीकडे वळताना अंग फिरते, पाऊल मात्र जागेवरच राहते. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो आणि संध्याकाळपर्यंत गुडघा सुजतो. कबड्डीच्या मैदानात हेच घडते. खाणीच्या उतारावर घसरताना, मोटारसायकलवरून पडताना, रानडुकराने धडक दिल्यावरही हेच घडते. पन्नाशीच्या बाईला तर साधे उकिडवे बसून उठतानाही घडू शकते. आठवडाभर शेक आणि मालीश होते. कोणी ‘शीर चढली’ म्हणते, कोणी ‘वात’ म्हणते. शेवटी एमआरआयच्या कागदावर ‘मेनिस्कस टिअर’ असे दोन शब्द येतात आणि घरात एकच प्रश्न उभा राहतो : आता किती लागतील?

चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन आहे. सांगायची मुख्य गोष्ट एकच. ‘ऑपरेशन कितीला?’ हा दुसरा प्रश्न आहे. ‘माझ्या गुडघ्याला ऑपरेशन लागते का, आणि गादी कापणार की शिवणार?’ हा पहिला. त्याचे उत्तर चुकले, तर स्वस्तात झालेली शस्त्रक्रियाही महाग पडते.

नेमके काय फाटते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरी असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात, आपण गादी म्हणतो. अंगाचा भार हाडांवर सारखा पसरवणे हे तिचे काम. तिच्या फक्त बाहेरच्या कडेला, साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्याला, रक्तपुरवठा असतो. तिथली चीर जुळून येऊ शकते, आतल्या काठाची सहसा येत नाही. शिवायचे की कापायचे हे ठरवताना ही गोष्ट सर्वांत आधी पाहिली जाते.

एके काळी फाटलेली गादी सरसकट काढून टाकत. १९४८ साली ब्रिटिश शल्यविशारद फेअरबँक यांनी दाखवून दिले, की गादी काढलेल्या गुडघ्यात पुढे झिजेच्या खुणा दिसू लागतात. म्हणून आजचा नियम असा आहे : जितकी वाचवता येईल तितकी गादी वाचवायची.

शस्त्रक्रिया लागते का?

थांबू नये अशा खुणा या :

- गुडघा अडकला आहे, सरळच होत नाही. गादीचा मोठा तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्यात अडकला की असे होते.
- तरुण वयात पाय पिळवटून दुखापत झाली, काही तासांत गुडघा टम्म सुजला, आणि चालताना तो दगा देतो.
- उकिडवे बसून उठताना गुडघ्याच्या मागे ‘कट्’ झाले आणि त्या क्षणापासून पाय टेकवेना. गादी मुळापासून, म्हणजे हाडाला चिकटते तिथून, सुटल्याची ही खूण असू शकते. आपल्याकडच्या मध्यमवयीन बायकांत हा प्रकार नेहमी नजरेतून सुटतो, कारण साध्या एक्स-रेत तो दिसत नाही.
- ताप आहे आणि गुडघा लाल, गरम झाला आहे. हा बहुधा गादीचा नव्हे, जंतुसंसर्गाचा प्रश्न आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

यातले काहीच नसेल, वय चाळिशी-पन्नाशीच्या पुढे असेल आणि दुखणे हळूहळू वाढत आले असेल, तर घाई करू नका. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाची फाटलेली गादी दुर्बिणीतून छाटली. दुसऱ्या गटात दुर्बीण घालून तपासले, छाटल्यासारखे भासवले आणि गादीला हात लावला नाही. वर्षभरानंतर दोन्ही गटांची अवस्था सारखीच होती. त्याच वर्षी अमेरिकेत पंचेचाळिशीपुढच्या ३५१ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात सहा महिन्यांनी व्यायामाचा गट आणि शस्त्रक्रियेचा गट यांच्यात मोठा फरक दिसला नाही. मात्र व्यायामाच्या गटातल्या सुमारे ३० टक्के लोकांनी तोवर शस्त्रक्रिया करून घेतली होती. म्हणजे व्यायाम सगळ्यांना पुरतो असे नाही, पण तो आधी करून पाहण्यात नुकसान नाही. २०१७ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या तज्ज्ञ मंडळाने झिजेच्या गुडघ्यासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

व्यायाम म्हणजे मालीश नव्हे. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबायचा आणि पाच-दहा सेकंद धरायचा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. पुढे हाताचा आधार न घेता खुर्चीवरून सावकाश उठायचे-बसायचे. फिजिओथेरपिस्टकडून हे एकदा नीट शिकून घ्या आणि बारा आठवडे रोज करा. खासगीत एका वेळेचे साधारण ३०० ते ६०० रुपये पडतात, सरकारी रुग्णालयात नाममात्र किंवा काहीच नाही. या काळात उकिडवे बसणे टाळा.

फाटलेली गादी जोडणारे इंजेक्शन नाही. पाच-दहा हजारांचे इंजेक्शन कोणी सुचवले, तर ते वेदनेसाठी आहे की गादीसाठी, हे स्पष्ट विचारा.

तपासणी : पैसे कुठे घालावे

अनुभवी हाडांचा डॉक्टर हाताने तपासूनच बराच अंदाज बांधतो. चाळिशीपुढे उभे राहून काढलेला एक्स-रे आधी हवा. त्यात सांध्याची जागाच उरलेली नसेल, तर गादी शिवून उपयोग नाही. एमआरआय खासगीत साधारण ४ ते ८ हजारांत होतो. तो बाहेरून काढण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाला, विचारा, कारण योजनेत बसणाऱ्या शस्त्रक्रियेच्या तपासण्या योजनेतून होतात.

एमआरआयमध्ये गादी फाटलेली दिसली म्हणजे दुखणे तिचेच, असे समजू नका. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ९९१ लोकांच्या गुडघ्यांचा एमआरआय काढला होता. गादी फाटलेली दिसली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचा त्रासच नव्हता. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या भागासाठी याहून महत्त्वाची तपासणी सिकलसेलची आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासी आणि इतर अनेक कुटुंबांत हा आजार चालत आला आहे. सिकलसेलमध्ये हाडे-सांधे आपसूक दुखतात. खुब्याचे हाड रक्ताअभावी खराब झाले, तरी दुखणे गुडघ्यात जाणवते आणि आपण गादीवर इलाज करत बसतो. दुसरे असे, की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत अनेकदा मांडीला पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवतात. सिकलसेलच्या रुग्णात तो निर्णय जपून घ्यावा लागतो, शरीरात पाणी, उष्णता आणि प्राणवायू कमी पडू द्यायचा नसतो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. ग्रस्त असा वा वाहक, सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर या दोघांनाही आधीच सांगा.

शस्त्रक्रियेचे प्रकार, दर आणि विश्रांती

खालचे आकडे नागपूर-चंद्रपूर पट्ट्यातल्या खासगी रुग्णालयांसाठीचे ढोबळ अंदाज आहेत. खोली, सर्जन आणि साहित्य यांनुसार ते कमी-जास्त होतात. तुमचा खरा आकडा लेखी अंदाजपत्रकातच मिळेल.

*१. फाटका भाग छाटणे.* गुडघ्याला दोन बारीक छिद्रे पाडतात, एकातून दुर्बीण आणि दुसऱ्यातून अवजार. लोंबणारा तुकडा काढून कड गुळगुळीत करतात. काम अर्ध्या-पाऊण तासाचे, मुक्काम एखाद्या दिवसाचा. खर्च साधारण ५० हजार ते १ लाख. आधाराने दुसऱ्या दिवशी चालता येते, बैठे काम एक-दोन आठवड्यांत सुरू होते, शेती-मजुरी चार ते सहा आठवड्यांत. गादी तेवढी कमी होते ती मात्र कायमची.

*२. गादी शिवणे.* चीर कडेला असेल, ताजी असेल, वय कमी असेल, तर हाच मार्ग धरावा. खर्च साधारण ८० हजार ते पावणेदोन लाख. दरात एवढी तफावत पडते ती बहुधा टाक्यांच्या साहित्यामुळे. एका पद्धतीत गादीत आपोआप रोवले जाणारे तयार टाके वापरतात. त्यातला एकेक नग १५ ते २५ हजारांच्या घरात जातो आणि मोठ्या चिरेला तीन-चार लागतात. दुसऱ्या, जुन्या पद्धतीत लांब सुईने धागा आतून बाहेर काढून बाजूला छोटा छेद घेऊन गाठ मारतात. धागा त्या मानाने स्वस्त. वेळ आणि कौशल्य जास्त लागते आणि बाजूची नस सांभाळावी लागते. टिकण्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती तुल्यबळ आहेत. म्हणून ‘धाग्याने शिवता येईल का?’ हे विचारण्यात संकोच नको.

शिवल्यावर चार ते सहा आठवडे पट्टा आणि कुबड्या लागतात, गुडघा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही, आणि चार ते सहा महिने उकिडवे बसायचे नाही. एवढे करूनही साधारण पाचातल्या एकाची गादी पुढच्या काही वर्षांत जुळून न राहता पुन्हा त्रास देते. हे आधी माहीत असावे.

*३. मुळापासून सुटलेली गादी पुन्हा बसवणे.* नडगीच्या हाडातून बारीक बोगदा पाडून धागा खाली ओढून बांधतात. खर्च शिवण्याइतका किंवा थोडा जास्त. सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही. मूळ सुटलेली गादी जागेवर असूनही नसल्यासारखी असते, त्यामुळे सांधा झपाट्याने झिजतो. पाय फार वाकडे नसतील आणि झीज थोडी असेल, तर ही शस्त्रक्रिया लवकर करण्यात लाभ आहे.

*४. सोबत सांधा बांधून ठेवणारे लिगामेंटही तुटले असेल तर* दोन्ही कामे एकाच वेळी करतात. खर्च साधारण सव्वा ते अडीच लाख. खेळाडूंत आणि मोटारसायकल अपघातांत हे नेहमी दिसते.

*५. सांधाच झिजला असेल तर* गादीवर पैसा घालू नका. पाय वाकडा आणि वय तुलनेने कमी असेल, तर हाड सरळ करण्याची शस्त्रक्रिया आणि उतारवयात सांधेबदल, हे वेगळे मार्ग आहेत. सांधेबदलाच्या कृत्रिम भागांच्या किमतीवर केंद्राने १६ ऑगस्ट २०१७ पासून मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्यासाठी ती तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरली होती. गादीच्या टाक्यांना अशी कमाल किंमत नाही. म्हणून प्रत्येक नगाच्या वेष्टनावरची छापील किंमत पाहा आणि त्याचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर लावून घ्या.

बिलाबाहेरचा खर्च

हा खर्च लोक धरतच नाहीत आणि नेमका तोच घराला बसतो.

- पट्टा : दीड ते पाच हजार. कुबड्या : ६०० ते दीड हजार. शेजारी-पाजारी कुणाच्या पडून असतील, तर मागून आणा.
- कमोड खुर्ची : हजार ते अडीच हजार. घरी भारतीय पद्धतीचे शौचालय असेल किंवा बाहेर जावे लागत असेल, तर शिवलेल्या गादीसाठी ही खुर्ची औषधाइतकीच गरजेची आहे. शस्त्रक्रियेच्या आधी आणून ठेवा.
- बुडालेली मजुरी : रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये धरला, तर छाटल्यानंतरच्या सहा आठवड्यांचे ३६ दिवस म्हणजे ११,२३२ रुपये. शिवल्यानंतरच्या चार महिन्यांचे १०४ दिवस म्हणजे ३२,४४८ रुपये. सोबत राहणाऱ्याची मजुरी वेगळी.
- प्रवास : चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर, भामरागडहून साडेतीनशेच्या आसपास. एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे. टाके काढायला पुन्हा नागपूर गाठू नका. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, ते काम जवळच्या ग्रामीण रुग्णालयात होते.

हंगामही हिशेबात धरा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, दिवाळीच्या पुढे-मागे कापणी. गादी शिवायची असेल, तर कापणी उरकल्यावर शस्त्रक्रिया केली की रोवणीपर्यंत पाय तयार होतो. तेंदूच्या फळीवर उकिडवे बसून पुडे बांधणे त्या वर्षी दुसऱ्याने करायचे. छाटायची असेल, तर तेंदूनंतर लगेच केल्यास रोवणी सापडते. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटत आला आहे, त्यामुळे फेरतपासणी भर पावसाळ्यात येणार नाही असे पाहा. अडकलेला गुडघा मात्र हंगामाची वाट पाहत नाही. त्याला उशीर केला, तर शिवता येणारी गादीही कापावी लागते.

कुठे जावे?

सुरुवात जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातून करा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पुढचा टप्पा म्हणजे गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय किंवा चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. चंद्रपूरचे महाविद्यालय २०१५ पासून आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत दर लागतात, पण माफक. दुर्बिणीची शस्त्रक्रिया करणारा सर्जन आणि सामग्री त्या महिन्यात उपलब्ध आहे का, हे अस्थिरोग विभागात थेट विचारा. ‘नंतर या’ ऐकून परत जाऊ नका, पुढच्या रुग्णालयासाठी संदर्भ चिठ्ठी मागा.

त्यापुढे नागपूरचे मेडिकल आणि मेयो, मिहानमधले एम्स, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय. नागपूर-वर्ध्याच्या या संस्थांत खर्च खासगीपेक्षा बराच कमी असतो. किंमत मोजावी लागते ती वेळेची, कारण तारीख मिळायला थांबावे लागते.

सिरोंचाकडचे लोक वारंगल-हैदराबादला जातात, अंतराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण राज्याची महात्मा फुले आरोग्य योजना तिथे चालेल असे गृहीत धरू नका. केंद्राच्या यादीत नाव असलेल्यांचे आयुष्मान कार्ड देशभर चालते. निघण्याआधी त्या रुग्णालयाला फोन करून खात्री करा.

योजना आणि कागद

राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आता ती केंद्राच्या आयुष्मान योजनेला जोडलेली आहे, सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. आयुष्मानच्या उपचारयादीत दुर्बिणीतून गादी छाटणे-शिवणे आहे. तुम्ही जाणार त्या रुग्णालयाला ती शस्त्रक्रिया करण्याची मान्यता आहे का, ती सरकारी रुग्णालयांसाठी राखीव तर नाही ना, हे आरोग्यमित्राकडून वदवून घ्या.

सोबत न्या : शिधापत्रिका, आधार, आयुष्मान कार्ड असल्यास ते, जुने केसपेपर, एक्स-रे, एमआरआय. योजनेच्या पॅकेजमध्ये सर्जन, भूल, साहित्य, औषधे, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एसटी किंवा रेल्वेचे दुसऱ्या वर्गाचे भाडे धरलेले असते. मंजुरी आल्यावर वर पैसे मागितले, तर देण्याआधी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकावर तक्रार करा. आयुष्मानसाठी १४५५५.

कामावर असताना दुखापत झाली, तर वेगळे मार्ग आहेत. कोळसा खाणीतल्या कामगाराने कंपनीच्या दवाखान्यात अपघाताची नोंद त्याच दिवशी करावी. विमा नसलेल्या कामगाराचा कामावरच्या दुखापतीचा प्रत्यक्ष उपचारखर्च देणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. रानडुक्कर, अस्वल, वाघ यांच्या हल्ल्यात पडून गुडघा गेला, तर वनरक्षकाला तातडीने कळवा, पंचनामा करून घ्या आणि सरकारी रुग्णालयाचा दाखला जोडा. त्यावर वनविभागाची मदत मिळते.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

१. चीर कुठे आहे, कडेला, आतल्या काठाला की मुळाशी?
२. शिवता येईल का? नसेल तर का नाही?
३. बारा आठवडे व्यायाम केला तर नुकसान होईल का?
४. आत गेल्यावर बेत बदलला, तर खर्च किती वाढेल? टाक्याचे किती नग लागतील आणि एकाची छापील किंमत किती?
५. अंदाजपत्रकात भूल, औषधे, पट्टा आणि फेरतपासणी धरली आहे का?
६. महिन्याला अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही करता, आणि त्यांत शिवण्याच्या किती?

दरपत्रक पाहणे, तपशीलवार बिल घेणे आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. उपचाराचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. एमआरआयची सीडी आणि फिल्म तुमचीच आहे, ती दवाखान्यात सोडून येऊ नका.

थोडक्यात निवाडा असा. गुडघा अडकला असेल, वय तरुण असेल किंवा मूळ सुटले असेल, तर लवकर जा, योजनेतून जा आणि गादी शिवण्याचा आग्रह धरा. वय उतरले असेल आणि दुखणे झिजेचे असेल, तर तीन महिने मनापासून व्यायाम करा आणि शस्त्रक्रियेचे पैसे राखून ठेवा. यासाठी शेत गहाण टाकू नका, दागिने मोडू नका. आधी शिधापत्रिका घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलापाशी जा.